स्वसंरक्षणाचा हक्क : त्याची सुरुवात कोठून मोजावी?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या सॅनफर्ड शहरात २६ फेब्रुवारी २०१२ च्या संध्याकाळी ट्रेव्हॉन मार्टिन या १७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा छातीत गोळी लागून मृत्यू झाला. वडिलांबरोबर तो त्या वसाहतीत पाहुणा म्हणून आला होता. जवळच्या दुकानातून खाऊचे पाकीट व शीतपेय घेऊन, पावसात, अंगातील जाकिटाची टोपी डोक्यावर ओढून तो घराकडे परतत होता. त्याच्याजवळ कोणतेही शस्त्र नव्हते. गोळी झाडणारे जॉर्ज झिमरमन हे त्याच वसाहतीतील २८ वर्षांचे रहिवासी व तेथील 'नेबरहुड वॉच'चे, म्हणजे रहिवाशांनी चालविलेल्या पहाऱ्याचे, समन्वयक होते. आपण स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे त्यांनी पोलिसांना सांगितले. चौकशी करून पोलिसांनी त्याच रात्री त्यांना जाऊ दिले.

या घटनेवरून अमेरिकेत जो वाद उसळला तो अद्याप शमलेला नाही. 'स्टँड युअर ग्राउंड' या नावाने ओळखला जाणारा कायदा त्या वादाच्या केंद्रस्थानी आला. हा कायदा नेमके काय सांगतो, त्या खटल्याशी त्याचा कितपत संबंध होता आणि स्वसंरक्षणाच्या हक्काला कोणत्या मर्यादा आहेत, हे वाचकांपुढे शांतपणे मांडावे, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

सात मिनिटांचा घटनाक्रम

त्या वसाहतीत आधीच्या काही महिन्यांत घरफोड्या झाल्या होत्या व रहिवासी भयभीत होते, ही गोष्ट प्रथम नमूद केली पाहिजे. पहारा सुरू झाला तो या भयापोटीच. त्या संध्याकाळी झिमरमन यांनी आपल्या मोटारीतून मार्टिनला पाहिले आणि एक संशयास्पद इसम फिरत असल्याचे पोलिसांना दूरध्वनीवरून कळविले. बोलता बोलता ते मोटारीतून उतरले. "तुम्ही त्याच्या मागे जात आहात काय?" असे पलीकडच्या कर्मचाऱ्याने विचारले. त्यांनी होकार दिला. तसे करण्याची आम्हांला गरज नाही, असे त्या कर्मचाऱ्याने सांगितले.

त्याच वेळी मार्टिन आपल्या एका मैत्रिणीशी भ्रमणध्वनीवर बोलत होता. कोणी मनुष्य आपला पाठलाग करीत आहे, असे त्याने तिला सांगितल्याची साक्ष पुढे न्यायालयात झाली. नंतर दोघांची गाठ पडली, झटापट झाली आणि एक गोळी सुटली. झिमरमन यांच्या नाकाला व डोक्याच्या मागील भागाला जखमा होत्या. पहिल्या दूरध्वनीपासून गोळी सुटेपर्यंत सुमारे सात मिनिटे गेली होती. पोलीस त्यानंतर एक-दोन मिनिटांतच तेथे पोहोचले.

शेजाऱ्यांनी पोलिसांना केलेल्या एका दूरध्वनीच्या ध्वनिमुद्रणात मदतीसाठी फोडलेला टाहो ऐकू येतो. न्यायालयात ते ऐकविले गेले, तेव्हा मार्टिनच्या आईने तो आपल्या मुलाचा आवाज असल्याचे सांगितले. झिमरमन यांच्या आईनेही तो आपल्याच मुलाचा आवाज असल्याचे सांगितले. कायद्यापुढील अडचण या दोन साक्षींवरून ध्यानी यावी. झटापट कोणी सुरू केली हे सांगू शकणाऱ्या दोघांपैकी एक जण जिवंत नव्हता.

कायदा काय सांगतो?

घर हा मनुष्याचा किल्ला होय, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १६०४ च्या सेमेन खटल्यापासून प्रसिद्ध आहे. स्वतःच्या घरात हल्ला झाल्यास मागे हटण्याचे बंधन नाही. घराबाहेर मात्र, सुरक्षितपणे निघून जाणे शक्य असेल तर निघून जावे व प्राणघातक बळाचा वापर अगदी शेवटी करावा, असा इंग्रजी परंपरेचा दंडक होता. अमेरिकेतील काही राज्यांनी एकोणिसाव्या शतकातच हा दंडक सोडला, तर काहींनी तो पाळला. फ्लोरिडा हे पाळणाऱ्यांपैकी होते.

२००५ साली फ्लोरिडाच्या विधिमंडळाने हे चित्र पालटले. गव्हर्नर जेब बुश यांनी २६ एप्रिल २००५ रोजी नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील तीन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. पहिली, जेथे असण्याचा आपल्याला हक्क आहे अशा कोणत्याही ठिकाणी, आपण बेकायदा कृत्य करीत नसल्यास, मागे हटण्याचे बंधन राहिले नाही. दुसरी, घरात वा मोटारीत कोणी बळजबरीने शिरल्यास आतील माणसाची भीती वाजवी होती, असे गृहीत धरले जाऊ लागले. तिसरी, योग्य कारणासाठी बळ वापरणाऱ्याला अटक, फौजदारी खटला व नुकसानभरपाईचा दावा या तिन्हींपासून संरक्षण मिळाले. सॅनफर्डच्या पोलिसांनी झिमरमन यांना अटक न करण्याचे जे कारण दिले, ते या तिसऱ्या तरतुदीत होते.

या कायद्याच्या समर्थकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. अंधाऱ्या रस्त्यावर हल्ला झालेल्या स्त्रीने पळून जाण्याची वाट होती की नव्हती, याचा हिशेब क्षणार्धात कसा करावा? आणि तो चुकला म्हणून तिला तुरुंगात का धाडावे? हा प्रश्न पोकळ नव्हे. जीव वाचविणाऱ्यावरच संशय घेणारा कायदा कोणालाही न्याय्य वाटणार नाही. आज अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांत या स्वरूपाचे कायदे आहेत, ते या युक्तिवादाच्या बळावरच.

तथापि अनुभव काय सांगतो, हेही पाहावे लागते. २०१७ साली 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, कायदा लागू झाल्यानंतर फ्लोरिडातील मनुष्यवधाचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी व बंदुकीने होणाऱ्या मनुष्यवधाचे सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले. ज्या राज्यांत असा कायदा नव्हता, त्यांच्याशी तुलना केली असता तेथे तशी वाढ आढळली नाही. 'टॅम्पा बे टाइम्स' या वृत्तपत्राने २०१२ साली सुमारे २०० प्रकरणे तपासली. मृत व्यक्ती कृष्णवर्णीय असेल तर मारणारा ७३ टक्के प्रकरणांत शिक्षेविना सुटला होता. मृत व्यक्ती गौरवर्णीय असेल तेव्हा हेच प्रमाण ५९ टक्के होते. 'वाजवी भीती' हा कायद्यातील शब्द सर्वांना सारखा लागू पडत नाही, असे कृष्णवर्णीय समाज म्हणतो, त्यामागे अशी आकडेवारी आहे.

खटल्यात काय झाले?

देशभर निदर्शने झाल्यावर विशेष सरकारी वकिलांची नेमणूक झाली आणि ११ एप्रिल २०१२ रोजी झिमरमन यांच्यावर दुसऱ्या श्रेणीच्या खुनाचा आरोप ठेवण्यात आला. १३ जुलै २०१३ रोजी सहा स्त्रियांच्या ज्युरीने त्यांना निर्दोष ठरविले. या निकालानंतरच 'ब्लॅक लाइव्हज मॅटर' ही घोषणा जन्मास आली.

येथे एक सर्वसाधारण गैरसमज दूर केला पाहिजे. 'स्टँड युअर ग्राउंड' कायद्यामुळे झिमरमन सुटले, असे सरसकट म्हटले जाते. वास्तविक त्या कायद्याखाली खटल्यापूर्वी संरक्षण मागण्याची जी सोय आहे, तिचा उपयोग त्यांच्या वकिलांनी केला नाही. आपला अशील जमिनीवर खाली दाबला गेला होता, त्याला मागे हटण्याची वाटच नव्हती, असा त्यांचा बचाव होता. मागे हटण्याचे बंधन नसल्याचे वाक्य न्यायाधीशांनी ज्युरींना दिलेल्या सूचनांत होते, हे खरे. परंतु निकाल मुख्यतः दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून होता. आरोपीने स्वसंरक्षणाचा मुद्दा उपस्थित केल्यावर तो खोटा असल्याचे निःसंशय सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर होती. साक्षीपुराव्यांतून ते सिद्ध झाले नाही. न्यायालयाने दोषमुक्त ठरविले, याचा अर्थ झालेले सर्व योग्य होते असे न्यायालयाने म्हटले, असा होत नाही.

आमच्या मते खरा प्रश्न आणखी मागे आहे. ज्याने स्वतः कुरापत काढली, त्याला स्वसंरक्षणाचा आसरा सहजासहजी मिळू नये, अशी तरतूद फ्लोरिडाच्या कायद्यातही आहे. मात्र एखाद्याच्या मागे चालत जाणे ही कुरापत होय काय? कुरापतीविषयीची सूचना ज्युरींना द्यावी, ही सरकारी वकिलांची मागणी न्यायाधीशांनी मान्य केली नाही. परिणामी ज्युरींचे लक्ष झटापटीच्या अखेरच्या क्षणावर केंद्रित झाले. त्या क्षणी झिमरमन यांना जिवाची भीती वाटली काय, एवढेच पाहिले गेले. त्याआधीची मिनिटे, ज्यांत एका मुलाला अनोळखी मनुष्य पाठीमागे येत असल्याची भीती वाटत होती, ती हिशेबाबाहेर राहिली. कायदा स्वाक्षरीने अमलात आणणारे जेब बुश यांनीही २०१२ साली म्हटले होते की, पाठ फिरवून जाणाऱ्याचा पाठलाग करण्यासाठी हा कायदा नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण

स्वसंरक्षणाच्या मर्यादांचा विचार ख्रिस्ती परंपरेत फार जुना आहे. जुन्या करारातील निर्गम ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात, रात्री घर फोडताना सापडलेला चोर मारला गेल्यास मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष ठेवलेला नाही. सूर्य उगवल्यानंतर मारल्यास मात्र दोष आहे. दिवसाउजेडी चोराला ओळखता येते, मदतीला माणसे बोलावता येतात. चोराच्या जिवालाही किंमत आहे, हे त्या प्राचीन नियमाने मान्य केले.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याची मीमांसा केली. एका कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात : आपला जीव वाचणे आणि हल्लेखोराचा जाणे. हेतू पहिल्याचा असेल व वापरलेले बळ गरजेपुरते असेल, तर ती कृती निषिद्ध नाही. गरजेपेक्षा अधिक बळ वापरले, तर ती अन्याय्य ठरते. १९९२ च्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने हीच भूमिका घेतली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या 'इव्हांजेलियुम विटे' या परिपत्रकात सांगितले की, असा मृत्यू ओढवल्यास त्याची जबाबदारी ज्याच्या कृतीने तो प्रसंग आला त्या आक्रमकावर येते. सॅनफर्डच्या प्रकरणाचा गाभा येथेच आहे. प्रसंग कोणाच्या कृतीने आला, हे ठरविल्यावाचून स्वसंरक्षणाचा न्याय पुरा होत नाही.

हे तत्त्व न्यायालयांनाही पेलते, याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. २३ फेब्रुवारी २०२० रोजी जॉर्जिया राज्यात अहमोद आर्बरी या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला, तो धावत जात असता, तिघांनी चोरीच्या संशयावरून मोटारींतून पाठलाग करून गाठले व त्यांपैकी एकाने त्याला गोळी घातली. आपण स्वसंरक्षण केले, असे गोळी झाडणाऱ्याचे म्हणणे होते. या घटनेचे चित्रीकरण उपलब्ध होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिघेही खुनाच्या आरोपाखाली दोषी ठरले. त्याआधी, मे २०२१ मध्ये, नागरिकांना परस्पर अटक करू देणारा १८६३ चा कायदा जॉर्जियाने रद्द केला.

आपल्याकडचा कायदा

भारतीय कायद्यानेही शरीर व मालमत्ता यांच्या खाजगी संरक्षणाचा हक्क दिला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत तो कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. हल्ला झालेल्याने भ्याडासारखे पळून जावे, अशी अपेक्षा आपला कायदा करीत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात म्हटले आहे. परंतु दोन अटी स्पष्ट आहेत. सरकारी यंत्रणेची मदत घेण्यास वेळ असेल, तर हा हक्क उरत नाही. आणि संरक्षणासाठी आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही.

या अटी लोकांच्या मनात उतरल्या नाहीत तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी भटक्या समाजातील पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार केले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक अशाच अफवेला बळी पडले. तेथे बंदूक नव्हती आणि सॅनफर्डप्रमाणे एकटा मनुष्यही नव्हता. परंतु गावाचे रक्षण करतो आहोत, या भावनेने अनोळखी माणसाला आधीच गुन्हेगार ठरविले, हे साम्य नाकारता येत नाही.

पहारा देणे वाईट नव्हे. शेजाऱ्याच्या घराची काळजी वाहणे हे तर सत्कृत्यच होय. सॅनफर्डच्या पोलीस खात्यातील ज्या कर्मचारी स्त्रीकडे पहारेकऱ्यांच्या मार्गदर्शनाचे काम होते, तिने न्यायालयात सांगितले की, स्वयंसेवकांनी पाहावे व कळवावे. कोणाचा पाठलाग करू नये, कोणाला सामोरे जाऊ नये, असे त्यांना शिकविले जाते. या साध्या सूचनेत बरेच शहाणपण आहे. वसाहतीत, गावात, आळीत जेथे जेथे रात्रीची गस्त घातली जाते, तेथे ती सांगितली जावी आणि पाळली जावी. समोरून येणारा अनोळखी मनुष्य बहुधा आपल्यासारखाच घराकडे निघालेला असतो. तो सुखरूप घरी पोहोचावा, हेही पहारेकऱ्याचेच काम आहे, असे आम्हांला वाटते.