चूल कुणासाठी पेटते?

बदली होऊन जालन्यात आलेला माणूस आठवड्याच्या आत मला एक प्रश्न विचारतोच. इथं जेवायला चांगलं कुठं मिळतं? घर त्याला मिळालेलं असतं, बहुधा बायपासच्या बाजूला नव्या प्लॉटिंगवर. गॅसचं कनेक्शन अजून यायचं असतं, भांड्यांची खोकी दोरीनं बांधलेलीच असतात, आणि खिडकीतून कपाशीचं रान दिसत असतं. मी त्याला उलट विचारतो, किती वाजता जेवायचंय? सकाळी दहाला, सूर्य मावळायच्या आत, की रात्री एकला?

त्याला वाटतं, मी उत्तर टाळतोय. पण जालन्यापुरतं तरी खरं उत्तर या प्रश्नातच आहे. हॉटेलांची नावं मी मुद्दाम सांगत नाही. पाटी बदलते, आचारी बदलतो, दोन भावांत वाटणी होऊन एका हॉटेलची दोन होतात. ज्यांच्यासाठी ती चूल पेटते, ती माणसं मात्र सहसा बदलत नाहीत. कोण, कधी, कशासाठी जेवतं हे कळलं, की पुढची चाळीस ठिकाणं माणूस आपली आपण शोधतो.

वसाहतींचं गाव

जालना हे मुळातच वसाहतींनी वाढलेलं गाव आहे. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना आणि समोरच्या काठाला कादराबाद, म्हणजे आजच्या नव्या जालन्याची जुनी पेठ. गावाचं नाव एका धनिक जुलाह्यावरून, म्हणजे विणकरावरून पडलं अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, बाहेरून आलेल्या कसबी माणसाच्या नावानं गाव ओळखलं जावं, हे जालन्याला शोभणारं आहे. एकोणिसाव्या शतकात इथं इंग्रजांच्या फौजेची छावणी होती. त्याच शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून गावाजवळ बेथेल नावाची वसाहत उभी केली. १९०० च्या सुमाराला मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज रेल्वे आली आणि तिच्यामागून कापसाचा व्यापार वाढला. मारवाडी, गुजराती व्यापारी पेठेत स्थिरावले. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण याच भरभराटीची.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा होऊन जालना जिल्हा झाला. जिल्ह्याचं ठिकाण झालं की कचेऱ्या येतात, कचेऱ्यांमागून बदलीची माणसं येतात, आणि त्यांच्यामागून भाड्याच्या खोल्या आणि डबे येतात. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,८५,५७७ होती. २०२३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. आजच्या नव्या कॉलन्या ही याच साखळीतली पुढची कडी. प्रत्येक खेपेला आलेल्या माणसांनी आपली चूल सोबत आणली. म्हणून जालन्याचं असं एकच एक जेवण नाही. इथं अनेक वेळापत्रकं आहेत, आणि प्रत्येक वेळापत्रकाचं वेगळं ताट आहे.

मोंढ्याचं ताट

मराठवाड्यात धान्याच्या बाजाराला मोंढा म्हणतात. नवख्या माणसानं पहिलं जेवण मोंढ्याच्या आसपास करावं, असं माझं आग्रहाचं सांगणं असतं. मंठा, परतूर, घनसावंगीकडून माल घेऊन निघालेला शेतकरी घरून चहा पिऊन निघतो. गाडी लागते, पोती उतरतात, हर्राशी होते, वजन होतं. हमाल तर त्याच्याही आधीपासून पाठीवर पोती वाहत असतो. या दोघांची भूक सकाळी दहा-अकरालाच पूर्ण जेवणाची असते, नाश्त्याची नव्हे. त्यामुळे मोंढ्याजवळच्या खानावळीत त्या वेळेला तव्यावर भाकरी असते, सोबत बेसन किंवा शेवभाजी, ठेचा आणि कापलेला कांदा. भाजीवर तेलाचा तवंग असतो, कारण अंगमेहनत करणाऱ्याला तो लागतो. पंख्याखाली बसून काम करणाऱ्यानं तर्री बाजूला काढून जेवावं, त्यात कमीपणा नाही.

दुपारी अडीचनंतर तिथं जाऊन ‘भाकरी मऊ नव्हती’ अशी तक्रार करणारे मी पाहिले आहेत. चूक खानावळीची नसते. हाती पट्टी पडून शेतकरी गावाकडे निघालेला असतो, आणि आपण उरलेल्या टोपल्यातलं खात असतो.

भट्टीची रात्र

शहराच्या दुसऱ्या टोकाला, संभाजीनगर रस्त्यानं चंदनझिऱ्याकडे गेलं, की वेळ उलटी फिरते. जालन्याच्या सळईनं राज्यभरातल्या स्लॅब उभ्या आहेत. भंगार भट्टीत वितळतं, त्याचे बिलेट होतात आणि रोलिंग मिलमधून सळई बाहेर पडते. या कामात विजेचा खर्च मोठा. उच्चदाब औद्योगिक ग्राहकांना बरीच वर्षं रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतल्या विजेला दरात सवलत मिळत होती, म्हणून रात्रीची पाळी या धंद्याच्या हिशेबात महत्त्वाची ठरली. भट्टी जागी तर माणूस जागा, माणूस जागा तर चहाची टपरीही जागी. बाकीचं गाव निजलेलं असताना एमआयडीसीच्या रस्त्यावर चहा, भुर्जी आणि गरम रोटी मिळते, ती या कारणानं.

पाळ्यांवर राबणाऱ्यांत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कामगार पुष्कळ. त्यांच्यासाठी चालणाऱ्या ढाब्यावर भाताचा ढीग मोठा, डाळ दाट आणि बोलणं हिंदीतलं. आमच्या गावच्या लोकांना तिकडं जेवायला जायचं सुचत नाही. ते सुचायला हवं. आपल्या घराच्या छपरातली सळई ज्यांनी ओढली, त्यांच्या शेजारच्या बाकावर बसून एकदा डाळ-भात खावा. त्या चवीत घरापासून हजार-बाराशे किलोमीटर दूर राहणं किती कठीण आहे, हे थोडं तरी कळतं.

सूर्यास्ताआधी आणि सूर्यास्तानंतर

जुन्या पेठेत दोन घड्याळं शेजारी-शेजारी चालतात. जालन्यात जैन समाज मोठा आहे, आणि गुरू गणेश तपोधामामुळे बाहेरगावचे भाविकही येतात. चौविहार पाळणाऱ्याचं जेवण सूर्य मावळायच्या आत आटोपतं. चातुर्मासात, पर्युषणात कांदा-लसूण-बटाटा नसलेलं ताट इथं सहज मिळतं. मारवाडी घरांतून पेठेत उतरलेली दाल-बट्टी तर आता सगळ्यांचीच झाली आहे. शेतातल्या पार्टीला गोवऱ्यांवर भाजलेली बट्टी कुस्करून तिच्यावर तूप आणि वरण ओतताना ती कुठून आली, हे कुणी विचारत नाही.

त्याच पेठेत रमजानच्या महिन्यात सूर्य मावळला, की गल्ल्या जाग्या होतात. तंदूरमधून नान निघतात, त्यांच्या पाठीवर हळद-गुळाच्या पाण्याचा पिवळसर हात फिरलेला असतो. सोबतीला खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा. नान-खलियाचा जन्म महंमद तुघलकाच्या फौजेच्या भटारखान्यात झाला, असं दौलताबाद-खुलताबाद भागात परंपरेनं सांगितलं जातं. १३२७ च्या सुमारास त्यानं दिल्लीहून राजधानी हलवली तेव्हा इतक्या माणसांना एकाच वेळी, लवकर आणि पोटभर खाऊ घालायचं होतं. आपला विषय लक्षात घेतला तर ही गोष्ट मोलाची आहे. नव्या वस्तीत घर लावण्याआधी जेवायचं काय, या प्रश्नाला मराठवाड्यानं दिलेलं हे फार जुनं उत्तर आहे.

शिवार ताटात येतं तेव्हा

वेळ कळली की ताटातलं ओळखायला शिकावं. जालना बियाण्यांचं गाव आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथं महिको सुरू केली. त्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि २००१ मध्ये पद्मभूषण. ज्वारीचं पहिलं भारतीय संकरित वाणही १९६४ चंच. ‘हायब्रीड’ हा शब्द इथल्या आजीबाईंच्या तोंडी बसला तो भाकरीमुळे. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलोच्या भाकरी आणि दुष्काळी कामावरची सुकडी खाल्लेल्या पिढीला उत्पादन वाढणं म्हणजे काय, हे पुस्तकातून कळलेलं नाही. तरी त्याच पिढीनं चवीसाठी चार ओळी गावरान ज्वारीच्या राखल्या. २०२४ मध्ये जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे ही राखण आहे. खानावळीत ‘भाकरी कशाची?’ असं विचारलं तर मालकीण रागावत नाही. उलट तिचा चेहरा उजळतो.

वरणाचंही तसंच. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रानं तुरीची वाणं दिली. बीडीएन ७११ हे नाव मराठवाड्याबाहेरच्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. जेवण झालं की रस्त्याच्या कडेला मोसंबीचा रस घ्यावा. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये मानांकन मिळालं. आंबिया बहाराची फळं पावसाळ्याच्या शेवटी आणि दिवाळीच्या आगेमागे येतात, मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडाशी. रसवाल्याला ‘बर्फ नको, साखर नको’ एवढंच सांगावं. बहार साधलेला असेल तर दोन्हींची गरज पडत नाही.

हा रस पिताना एक आठवण ठेवावी. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी वर्षानुवर्षं वाढवलेली झाडं तोडली. शहराला पूर्वी निजामकाळातल्या घाणेवाडी तलावाचा आधार होता, नंतर जायकवाडीचं पाणी आलं, तरी पाण्याची काळजी संपलेली नाही. म्हणून जालन्यात हॉटेल पारखताना मी पहिल्यांदा पाणी पाहतो. पिण्याचा माठ कुठं ठेवलाय, भांडी एकाच पाण्यात किती वेळ बुचकळली जातात, हे पाहतो. अन्नसुरक्षा कायद्यानुसार दिलेला चौदा अंकी क्रमांक भिंतीवर लावलेला आहे का, हेही पाहावं. पण पाण्यात काटकसर आहे की हयगय, हे क्रमांकावरून कळत नाही. त्यासाठी मोरीकडे पाहावं लागतं.

मेस, डबा आणि खाडा

आता त्या बायपासच्या नव्या कॉलनीकडे येऊ. तिथं मोंढा नाही, भट्टी नाही, पेठ नाही. रस्ते आखले जातात, घरं उठतात, पण चूल सगळ्यात शेवटी येते. आधी दुधाचं केंद्र, मग किराणा, मग पोह्यांचा गाडा. आणि मग एखाद्या घराच्या फाटकावर हातानं लिहिलेला फलक लागतो : घरगुती मेस, डबे मिळतील. २०१८ मध्ये मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा केंद्र जालन्यात सुरू झालं. अशा संस्था, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आणि दवाखाने आले, की त्यांच्या अवतीभवती असे फलक वाढतात.

या फलकाला मोठी परंपरा आहे. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचा. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. मुंबईत गिरणगाव वसलं तेव्हा कोकणातून, घाटावरून एकट्यानं आलेल्या गिरणी कामगारांना चाळीतल्या बायकांनी खानावळी चालवून जगवलं. त्या बायका सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून त्यांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगार गावी परतले, आणि त्यांच्यासाठी पेटणाऱ्या चुलींवरही संकट आलं. चूल कुणासाठी पेटते, या प्रश्नाचं इतकं करुण उत्तर दुसरं नसेल.

शासनानंही हा प्रश्न आपल्या परीनं हाताळला. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली : दोन पोळ्या, एक भाजी, वरण आणि भात. दवाखान्यात नातेवाइकाजवळ बसलेल्या माणसाला, कचेरीत खेटे घालणाऱ्या म्हातारीला त्या दहा रुपयांचं मोल विचारावं.

पण घर सोडून आलेल्या माणसाला पोटाबरोबर आणखी एक गोष्ट हवी असते, आणि ती मेसमध्ये मिळते. महिन्याचे पैसे भरून मेस लावली, की भिंतीवरच्या वहीत आपलं नाव चढतं. जेवलो त्या वेळेला खूण होते. नाही गेलो, तर खाडा पडतो. सलग काही दिवसांचा खाडा आधी सांगितला तर त्याचे पैसे वळते होतात, असा बहुतेक ठिकाणचा रिवाज. नवखा माणूस वहीकडे हिशेब म्हणून पाहतो.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका बदलीवर आलेल्या तरुणाला ताप आला. दोन वेळा तो मेसला गेला नाही, कुणाला कळवलंही नाही. तिसऱ्या वेळेला मेस चालवणाऱ्या मावशींचा मुलगा पत्ता विचारत त्याच्या दारात उभा राहिला. हातात डबा, डब्यात मऊ खिचडी. “आईनं इचारलंय, दादा, खाडा काहून पडला?”

त्या तरुणानं मला ते सांगितलं तेव्हा त्याचा आवाज भरून आला होता. त्या दिवसापासून त्यानं मला जेवायला कुठं चांगलं मिळतं, हे विचारलेलं नाही. आता तो दुसऱ्यांना सांगतो. परवा त्याच्या ऑफिसात नवीन माणूस रुजू झाला. त्यानं तोच जुना प्रश्न विचारला, आणि आमच्या तरुणानं त्याला विचारलं, “किती वाजता जेवता तुम्ही?”