मूर्तिजापूरचें स्थानक व शाळेंतील संगणक

ज्यांच्या घरीं वडीलधारी मंडळी असतील, त्यांनीं मूर्तिजापुरास जाणाऱ्या ‘शकुंतला’ आगगाडीची हकीकत अवश्य विचारावी. विसाव्या शतकाच्या आरंभीं घातलेल्या त्या मार्गाचे रूळ एकमेकांपासून अवघे अडीच फूट अंतरावर होते. मूर्तिजापुरावरून जाणाऱ्या मुंबई-नागपूर मार्गाचे साडेपांच फूट. त्यामुळें यवतमाळच्या कापसाच्या गांठी मूर्तिजापुरास उतरवून मोठ्या डब्यांत भराव्या लागत. माल तोच, पोंचावयाचें ठिकाण तेंच. बदले तो केवळ डबा. ती गाडी आतां बंद आहे. पण संगणकांच्या जाळ्यांत हाच व्यवहार क्षणोक्षणीं चालतो.

आमच्या शाळेंत पूर्वीं सर्व संगणक एकाच जाळ्यांत होते. एके दिवशीं प्रयोगशाळेंत बसलेल्या एका मुलास आपल्या पडद्यावर कार्यालयांतील गुणपत्रकें उघडीं दिसलीं. त्यानें तीं न वाचतां शिक्षकांस बोलाविलें, ही त्याची थोरवी; परंतु शाळेनें आपलीं कुलपें मुलांच्या सचोटीवर सोंपवूं नयेत. म्हणून आम्हीं विद्यार्थी, शिक्षक व कार्यालय यांचीं तीन आभासी जाळीं केलीं. यांस ‘व्ही-लॅन’ म्हणतात. स्विच तोच, तारा त्याच. फक्त कोणती तार कोणत्या क्रमांकाच्या जाळ्याची, हें स्विचला ठरवून दिलें. संगणक जें पाकीट धाडितो, त्याच्या बाहेरील वेष्टनास फ्रेम म्हणतात. एका जाळ्याची फ्रेम स्विच दुसऱ्या जाळ्यांत सोडीत नाहीं. दोन स्विचांमधील सामाईक तारेवर फ्रेमला चार बाइटांची चिठ्ठी जोडतात. तींत जाळ्याचा क्रमांक असतो. १९९८ सालच्या ८०२.१क्यू या मानकाप्रमाणें असे ४०९४ क्रमांक वापरतां येतात.

भिंत झाली, पण शिक्षकांस कार्यालयाकडे गुण धाडतां येईनात. येथें आमचें मूर्तिजापूर लागतें. हें काम राउटर करितो, किंवा राउटरचें कार्य अंगीं असलेला ‘लेयर-थ्री’ स्विच. अखेरच्या ठिकाणाचा आय.पी. पत्ता आपल्या जाळ्यांतला नाहीं असें दिसतांच शिक्षकाचा संगणक पाकीट या स्विचच्या स्वाधीन करितो. स्विच जुनी फ्रेम काढतो, आंतील पत्ता वाचतो, मार्गांची यादी पाहतो आणि पुढील यंत्राचा मॅक पत्ता घालून नवी फ्रेम चढवितो. मजकूर व अखेरचा पत्ता तेच राहतात. पाकिटावरील एक अंक मात्र दर ओलांडणीस एकानें घटतो. तो शून्य झाला कीं पाकीट टाकून देतात, म्हणून वाट चुकलेलें पाकीट जाळ्यांत अखंड भटकत नाहीं.

एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. असें जंक्शन सुरू होतांच तें सर्वच जाळीं एकमेकांस जोडतें. आपल्याच भिंतीस आपणच दार पाडतों. तेथें पहारा हवा. यास्तव आम्हीं स्विचमध्यें नियम लिहिले: शिक्षकांकडून गुणांच्या संगणकाकडे जावें, विद्यार्थ्यांकडून तेथें कांहींही जाऊं नये. नंतर त्याच मुलास प्रयोगशाळेंत बसवून पुन्हा प्रयत्न करावयास सांगितलें. त्यास कांहींच दिसलें नाहीं, तेव्हां आमच्या जिवास स्वस्थता वाटली.

ज्या विद्यार्थ्यांस ही स्विचपेटी पाहावयाची असेल, त्यांनीं मधल्या सुटींत यावें. आम्ही आनंदानें दाखवूं.