साउंडबार घेण्यापूर्वी खोलीचा कानोसा घ्या

गोरेगाव पूर्वेला १९७७ साली उभी राहिलेली चित्रनगरी, जिला पुढे दादासाहेब फाळके यांचे नाव देण्यात आले, आरे कॉलनीला अगदी खेटून आहे. तेथे चित्रित झालेली मालिका सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहाला वळसा घालून संध्याकाळी आरेतल्याच एखाद्या घरातील टीव्हीवर परतते. एवढ्या प्रवासात चित्राला किंवा आवाजाला फारसा धक्का लागत नाही. आवाज बिघडतो तो शेवटच्या वीतभर अंतरात, खुद्द टीव्ही संचात. ४३ किंवा ५५ इंची नवा संच भिंतीवर लागतो, चित्र पाहून घरचे हरखून जातात आणि आठवडाभरातच 'ती काय म्हणाली?' असा प्रश्न घरातील ज्येष्ठ मंडळी दर दोन वाक्यांमागे विचारू लागतात.

याचे कारण संचाच्या बांध्यात आहे. पिक्चर ट्यूबचे जुने संच हात-दीड हात खोल असत. त्यांच्या पेटीत बऱ्यापैकी मोठा स्पीकर मावे आणि त्याचे तोंड बहुधा प्रेक्षकांकडे असे. आजचा संच दोन-तीन इंच जाडीचा. त्यात बसणारे स्पीकर लहान आणि चपटे असतात; शिवाय कडा दिसू नये या हौसेपायी ते खालच्या किंवा मागच्या बाजूला लपवलेले असतात. आवाज आधी भिंतीवर आदळतो आणि मग आपल्याकडे येतो. टीव्हीखाली ठेवायची लांबट पट्टी, म्हणजेच साउंडबार, ही या उणिवेवरची उपाययोजना होय. एकाच पट्टीतून भोवतालच्या आवाजाचा आभास निर्माण करण्याचा प्रयत्न यामाहा या जपानी कंपनीने २००४-०५च्या सुमारास केला, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आता पाच-सहा हजारांपासून साउंडबार मिळतात आणि खरी अडचण निवडीची आहे.

दुकानात किंवा संकेतस्थळावर पहिला मारा होतो वॅटच्या आकड्यांचा. टू-इन-वनच्या जमान्यात डब्यावर 'पीएमपीओ'चे भलेमोठे आकडे छापलेले असत, त्याची ही नवी आवृत्ती. साधा हिशेब करून पाहावा. सर्वसाधारण स्पीकर एका वॅटमध्ये एक मीटर अंतरावर ८० ते ८५ डेसिबल आवाज देतो. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये आठ फुटांवर बसलेल्या माणसापर्यंत त्यातला सत्तरीच्या पुढचा आवाज पोहोचतोच आणि आपले नेहमीचे बोलणे साठ डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे बातम्या आणि मालिका यांना एक वॅटही पुष्कळ झाला. चित्रपटातील स्फोटासारख्या क्षणिक उसळीसाठी काही दहा वॅट हाताशी असावेत, इतकेच. शिवाय वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, तो केवळ तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. तेव्हा २०० वॅटऐवजी ४०० वॅटचा संच घेण्यासाठी जास्तीचे तीन हजार मोजणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही.

त्याऐवजी घरात खरी तक्रार कशाची आहे ते आधी ओळखावे. बहुतेक घरांत ती कमी आवाजाची नसून न कळणाऱ्या शब्दांची असते. 'आठ', 'साठ', 'पाठ', 'काठ' हे शब्द मोठ्याने उच्चारून पाहा. चारही शब्दांत 'आ' हा स्वर तोच आहे आणि आवाजाचा जोर त्याच स्वरात आहे. अर्थाचा फरक मात्र पहिल्या व्यंजनात आहे, आणि स, श, त, फ यांसारखी व्यंजने स्वरांच्या मानाने क्षीण आणि उच्च कंपनसंख्येची असतात. स्वरांची बरीचशी ताकद हजार हर्ट्झच्या खाली, तर 'स'सारख्या व्यंजनाची ओळख त्याच्या कितीतरी वर, चार ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. वयोमानाप्रमाणे कान प्रथम गमावतो तो नेमका हा वरचा पट्टा. म्हणून आजोबांना बोलण्याचा आवाज येतो, पण बोलणे कळत नाही. अशा वेळी टीव्हीचा आवाज २० वरून ४० वर नेला की स्वर, पार्श्वसंगीत आणि ढोलाचा दणका सारेच चढते. जड खर्ज तर क्षीण व्यंजनांना झाकूनच टाकतो. त्यातच जाहिरात लागली की सगळे घर दचकते.

म्हणून ज्येष्ठांच्या घरात खर्जाची हौस थोडी बाजूला ठेवावी आणि संवादासाठी स्वतंत्र मधला स्पीकर असलेली पट्टी शोधावी, असे मत येथे स्पष्टपणे मांडावेसे वाटते. पाच चॅनेलच्या ध्वनिमिश्रणात पात्रांचे बोलणे मुख्यतः मधल्या चॅनेलवर ठेवलेले असते. डब्यावरील २.१ या आकड्याचा अर्थ डावा, उजवा आणि खर्जाचा सबवूफर. त्यात मधला नाही. दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून तो भासवला जातो आणि सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला तो भास होत नाही. ३.१ मध्ये मधला स्पीकर येतो, ५.१ मध्ये त्याखेरीज मागचे दोन. याशिवाय रिमोटवर संवाद ठळक करणारी आणि रात्रीच्या वेळी मोठे आवाज दाबून लहान उचलणारी अशा दोन सोयी असाव्यात. एवढे करूनही बोलणे कळत नसेल, तर साउंडबार बदलत बसू नये, कान तपासून घ्यावेत. वांद्र्याची अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच क्षेत्रात काम करते आहे.

आता भोवतालच्या आवाजाविषयी, ज्याच्यासाठी ही खरेदी प्रत्यक्षात केली जाते. 'शोले' १९७५ साली ७० मिलिमीटर पडद्यावर स्टिरिओफोनिक ध्वनीसह आला, तेव्हापासून आपल्या प्रेक्षकांच्या कानांना ही चटक लागली आहे. आवाज कोणत्या बाजूने आला हे आपण दोन कानांतील फरकावरून ताडतो. डावीकडचा आवाज डाव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ आधी पोहोचतो, पण मेंदूला तेवढे पुरते. साउंडबारमधील 'व्हर्च्युअल' तंत्र याच क्षुल्लक फरकाची नक्कल करते, किंवा आवाजाचा झोत बाजूच्या भिंतीवर मारून तो परतून आणते. यासाठी दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर कडक, मोकळ्या भिंती हव्यात. मुंबईतील हॉलमध्ये त्या क्वचितच असतात. एका बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारा बोळ, दुसऱ्या बाजूला पडद्याची खिडकी किंवा कपाट. झोत बोळातून निघून जातो, पडद्यात मुरतो. मग जाहिरातीतला आवाज आपल्या घरी का येत नाही, असा प्रश्न ग्राहकाला पडतो.

छतावरून आवाज परतवणाऱ्या 'डॉल्बी अ‍ॅटमॉस' पट्ट्यांचीही तीच गत. डब्यावर ५.१.२ सारखा तिसरा आकडा असेल, तर तो या वरच्या आवाजाचा. हे तंत्र २०१२ साली चित्रपटगृहांत आले. तेथे छताला खरोखरीचे स्पीकर टांगलेले असतात. घरगुती पट्टीत ते वर तोंड करून बसतात आणि सपाट, कडक, आठ-दहा फूट उंचीचे छत गृहीत धरतात. आरे कॉलनीचेच उदाहरण घ्या. १९४९ मध्ये दूधवसाहत म्हणून वसलेल्या या परिसरात एकीकडे दुग्धविकास विभागाची जुनी निवासस्थाने आहेत, मधे आदिवासी पाडे आहेत, तर दुसरीकडे रॉयल पाम्सच्या उंच इमारती. उतरत्या कौलांच्या वा पत्र्याच्या छपराखाली अ‍ॅटमॉसचे पैसे फुकट गेले असे समजावे. उंच इमारतीतील सपाट स्लॅबखाली काही प्रमाणात परिणाम मिळेल. पण स्वस्त पट्ट्यांतील वर तोंड केलेले स्पीकर इतके लहान असतात की या किमतीत त्यांचा मोह न धरणेच शहाणपणाचे.

थोडक्या पैशांत भोवतालचा आवाज हवाच असेल, तर मागे ठेवायचे दोन खरेखुरे स्पीकर असलेला ५.१ संच घ्यावा. भारतीय कंपन्यांचे असे संच साधारणपणे आठ ते पंधरा हजारांत आणि सोनीच्या एचटी-एस२०आर सारखे वायरवाले संच पंधरा ते वीस हजारांच्या टप्प्यात आढळतात. सणासुदीला भाव उतरतात. वायरवाले म्हटल्यावर नाक मुरडू नये. 'वायरलेस' स्पीकरलाही वीज लागते, त्यामुळे सोफ्यामागे प्लग नसेल तर तेथे एक्स्टेंशन बोर्ड आलाच. भाड्याच्या घरात तर भिंतीच्या कडेने नेलेली बारीक वायर अधिक सोयीची. आपल्याकडे सोफा बहुधा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, तेव्हा हे स्पीकर डोक्यामागे न ठेवता बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या पातळीपेक्षा दोन-तीन फूट उंच लावावेत. मात्र डब्यावर '५.१' छापलेले असूनही आत एकच पट्टी आणि एक सबवूफर निघतो, असेही प्रकार बाजारात आहेत. पेट्या मोजून घ्याव्यात.

एवढ्याने भागत नाही, कारण पाच स्पीकर असले तरी त्यांच्याकडे पाच चॅनेलचा आवाज पोहोचला पाहिजे. बऱ्याच वाहिन्या दोनच चॅनेलचा आवाज देतात. मालिका आणि बातम्यांसाठी मागचे स्पीकर जवळजवळ मुके असतात, हे आधीच ठाऊक असलेले बरे. ओटीटीवरील चित्रपटांत मात्र ५.१ सर्रास मिळते. हा आवाज टीव्हीतून पट्टीकडे नेण्याचा उत्तम मार्ग म्हणजे 'एआरसी' असे लिहिलेले एचडीएमआय छिद्र. त्याने टीव्हीच्याच रिमोटवरून पट्टीचा आवाजही कमी-जास्त होतो. सेट-टॉप बॉक्स, टीव्ही आणि पट्टी असे तीन रिमोट सांभाळणाऱ्या घराला याची किंमत कळेल. जुन्या संचात ते नसेल तर ऑप्टिकल वायर चालते. ब्लूटूथने टीव्ही जोडू नये: त्यातून दोनच चॅनेल येतात आणि आवाज किंचित उशिरा पोहोचल्याने ओठ आणि शब्द यांची फारकत होते. जोडणी झाल्यावर टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' निवडलेले असल्यास ते बदलून 'बिटस्ट्रीम' किंवा 'ऑटो' करावे. पीसीएमवर टीव्ही सहसा सारा आवाज दोन चॅनेलमध्ये कोंबून पाठवतो आणि ग्राहक महिनोन्महिने मागचे स्पीकर खराब समजत राहतो. पट्टीवर डॉल्बीची खूण आहे की नाही हेही पाहावे. काही स्वस्त संच डॉल्बीचा संकेत उलगडूच शकत नाहीत आणि दोन चॅनेलचाच आवाज पाचांत वाटून देतात.

राहता राहिला सबवूफर, आणि शेजारधर्म. पन्नास हर्ट्झच्या ध्वनीलहरीची लांबी सुमारे सात मीटर, म्हणजे बावीस-तेवीस फूट. ती आपल्या हॉलपेक्षा मोठी. अशा लहरीला भिंत किंवा दरवाजा फारसा अडवू शकत नाही. वरच्या मजल्यावर संवाद ऐकू येत नाहीत, पण दणके पोहोचतात. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की दोन भिंती आणि जमीन मिळून तो आणखी घुमतो. म्हणून तो भिंतीपासून हातभर पुढे, जाड रबरी पट्ट्यांवर ठेवावा आणि रात्री त्याचा आवाज निम्म्याहून खाली आणावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल अशी पातळी ठरवली आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार खासगी ध्वनियंत्रणेचा आवाजही त्या जागेच्या हद्दीवर या पातळीपेक्षा पाच डेसिबलहून अधिक चढता कामा नये. म्हणजे दिवाणखान्यातील साउंडबारही कायद्याच्या कक्षेबाहेर नाही.

आरेच्या रहिवाशांसाठी याला आणखी एक बाजू आहे. दिनकरराव देसाई मार्गावरील वाहतूक ओसरली की राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेला हा परिसर शांत होतो. पार्श्वभूमीचा गोंगाट कमी असला की संवाद कळण्यासाठी आवाजही कमी पुरतो. महामार्गाकडे खिडकी असलेल्या घराला जो आकडा लागतो त्याच्या बराच खाली येथे भागते. मात्र याच शांततेत बिबट्याचा वावर आहे. २०२१ आणि २०२२ मध्ये येथे बिबट्याच्या हल्ल्याच्या घटना घडल्या. अंधार पडल्यावर अंगणातील कुत्रे का भुंकते आहे हे घरातल्यांना ऐकू येणे ही तेथे करमणुकीपलीकडची गरज आहे. बैठ्या घरात राहणाऱ्यांनी संध्याकाळनंतर सबवूफर बंद ठेवला तर काही बिघडत नाही.

खरेदीला जाताना दुकानदाराने लावलेल्या हेलिकॉप्टरच्या नमुनाफितीवर विसंबू नये. कोणत्याही पट्टीवर ती भव्यच वाटते. मराठी बातम्या लावायला सांगाव्यात, मग पावसातला किंवा गर्दीतला संवाद असलेला एखादा प्रसंग. आवाज घरी असतो तेवढाच ठेवावा आणि मध्यभागी न बसता एका कडेला बसून ऐकावे. घरातील ज्यांना ऐकू येण्याची तक्रार आहे त्यांना शक्य असल्यास सोबत न्यावे, कारण निवाडा त्यांच्या कानांचा हवा. ऑनलाइन घेत असाल तर परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते आधी वाचून ठेवा आणि तोवर खोके टाकू नका. पेट्या बहुधा दाबलेल्या लाकडी भुशाच्या असतात आणि ओल लागली की फुगतात. जूनपूर्वी सबवूफर ओल धरणाऱ्या भिंतीपासून दूर सरकवलेला असावा.