सुरीच्या आधी मोजपट्टी

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली देशभरच्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, ती खानदेशापासून. सी. ए. क्रम्प हा तिथला संग्राहक. अशा माणसाच्या कामात बंदुकीचा बार हा सगळ्यात सोपा भाग. खरी धावपळ त्यानंतर.

उंदीर किंवा खार हाती आली, की आधी चार मापं: डोकं-धड, शेपूट, मागचं पाऊल, कान. सोललेली कातडी ताणली जाते, आटते. तिच्यावरून मूळ लांबी छातीठोकपणे सांगता येत नाही. मग पोटावर लहानशी चीर. रक्त आणि चरबी केसांना लागू नये म्हणून मक्याचं पीठ किंवा लाकडाचा भुसा भुरभुरायचा आणि पायमोजा उलटावा तशी कातडी डोक्याकडे सोलत न्यायची. शेपटीचं हाड चिमटीत धरून अलगद बाहेर ओढायचं. जोर चुकला की टोक तुटलंच.

आतून लावायचा तो सोमलाचा साबण. सोमल, साबण, कापूर, चुना आणि पोटॅशचा खार, असा हा अठराव्या शतकातला फ्रेंच नुस्खा. तो किड्यांना मारी आणि माणसालाही सोडत नसे. म्हणून संग्रहालयांतले जुने नमुने आजही हातमोजे घालून हाताळतात. शेवटी आत कापूस, शेपटीत तार आणि कवटीला कातडीच्याच क्रमांकाची चिठ्ठी. ही चिठ्ठी हरवली, तर सगळी मेहनत फुकट.

बिबट्या-सांबराची गोष्ट वेगळी. ओठ आतून दुभंगायचे, पापण्या जपून सोडवायच्या, कान कूर्चेपासून सुटा करून उलटायचा. तिथे मीठ पोचलं नाही, तर केस झडू लागतात. उघड्या माळावर एप्रिलात असतं तसलं ऊन असेल, तर उशीर परवडतच नाही. तरी शिकारी साहेबांची दुपार फोटोत जायची! वाळवणही सावलीतच, उन्हात कातडी वरून कडक होते, आतून कुजते.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९मध्ये सुरू झालेल्या टॅक्सिडर्मी केंद्रात डॉ. संतोष गायकवाड यांनी भुसा भरण्याऐवजी मापाबरहुकूम पुतळा घडवून त्यावर कातडी चढवली, तीही शिकार न होता मेलेल्या प्राण्यांची. असा वाघ कुणाच्या दिवाणखान्यात जात नाही. कायद्याने तो सरकारी मालमत्ता आहे.