वेस्ट मीट्स ईस्ट

वेस्ट मीट्स ईस्ट : भारतीय सितारवादक पंडित रविशंकर (१९२०–२०१२) आणि अमेरिकेत जन्मलेले विख्यात व्हायोलिनवादक येहूदी मेन्यूइन (१९१६–९९) यांची ध्वनिमुद्रिकामाला. तीतील तीन ध्वनिमुद्रिका अनुक्रमे १९६७, १९६८ आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. हिंदुस्थानी व पाश्चात्त्य अभिजात संगीतातील दोन मान्यवर वादकांनी एकत्र येऊन केलेल्या ध्वनिमुद्रणांत ही माला विशेष प्रसिद्ध आहे. उत्स्फूर्त विस्तारावर उभे असलेले संगीत आणि लिखित स्वरलेखनावर उभे असलेले संगीत यांची भेट कोणत्या अटींवर होऊ शकते, या प्रश्नाच्या दृष्टीने तिचे महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : मेन्यूइन १९५२ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या निमंत्रणावरून भारतात आले. या दौऱ्यात दिल्ली येथे त्यांनी रविशंकर यांचे वादन ऐकले व दोघांचा स्नेह जुळला. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी त्यांचा परिचयही याच दौऱ्यातला. पुढे १९५५ मध्ये मेन्यूइन यांच्या पुढाकाराने भारतीय वादकांना न्यूयॉर्कचे निमंत्रण गेले. रविशंकर यांना जाणे शक्य न झाल्याने त्यांचे गुरुबंधू सरोदवादक अली अकबर खाँ तेथे गेले. त्यांच्या वादनाच्या दीर्घवादन ध्वनिमुद्रिकेला मेन्यूइन यांनी स्वतःच्या आवाजात प्रास्ताविक केले. सहवादनाचा प्रयोग मात्र पहिल्या भेटीनंतर चौदा वर्षांनी, १९६६ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथील संगीतमहोत्सवात झाला. मेन्यूइन त्या वेळी महोत्सवाचे कलासंचालक होते. महोत्सवासाठी जर्मन संगीतकार पीटर फॉइख्तवांगर यांनी तिलंग रागावर एक रचना केली होती. रविशंकर यांना ती रागस्वरूपाशी पुरेशी जुळणारी वाटली नाही आणि त्यांनी ती बहुतांशी नव्याने बांधली. अशा रीतीने या सहकार्याचा आरंभच रागाच्या शिस्तीच्या आग्रहातून झाला.

पहिली ध्वनिमुद्रिका : ईएमआय कंपनीने प्रसिद्ध केलेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस तीन भारतीय रचना आहेत. गुणकली रागावर आधारलेली ‘प्रभाती’ ही रविशंकर यांनी व्हायोलिन व तबला यांसाठी बांधली. ‘पूरिया कल्याण’ हे रविशंकर यांचे सितारवादन असून त्यात मेन्यूइन यांचा सहभाग नाही. तिलंगवर आधारलेल्या ‘स्वरकाकली’त सितार आणि व्हायोलिन एकत्र येतात. तबल्याची साथ उस्ताद अल्लारखाँ यांची आहे. दुसऱ्या बाजूस रूमानियन संगीतकार जॉर्ज एनेस्कू यांचा तिसरा व्हायोलिन सोनाटा असून तो मेन्यूइन व त्यांच्या भगिनी पियानोवादक हेफ्झिबा यांनी वाजविला आहे. एनेस्कू हे मेन्यूइन यांचे गुरू होत. १९२६ मधील या सोनाट्यात त्यांनी रूमानियन लोकवादकांच्या वरकरणी मुक्त वाटणाऱ्या वादनातील घसीट, लयीतील सैलपणा व सूक्ष्म स्वरभेद बारकाईने लिहून ठेवले आहेत. त्यामुळे एका बाजूस कलावंताच्या बुद्धीतून तत्क्षणी घडणारे संगीत आणि दुसऱ्या बाजूस तत्क्षणी घडल्याचा भास देणारे, परंतु पूर्णतः लिहिलेले संगीत, अशी अर्थपूर्ण तुलना श्रोत्यास सहज करता येते.

सहवादनाचे स्वरूप : व्हायोलिन हे वाद्य भारतीय संगीताला परके नव्हते, कर्नाटक संगीतात एकोणिसाव्या शतकापासून ते रुळलेले आहे. त्यावर पडदे नसल्याने मींड व कोमल-तीव्र स्वरांच्या सूक्ष्म छटा त्यावर सुलभपणे निघतात. अडचण वाद्याची नसून संस्कारांची होती. पाश्चात्त्य वादनात दीर्घ स्वर बहुधा कंपनयुक्त ठेवण्याची प्रथा आहे. रागसंगीतात स्थिर स्वर आणि आंदोलित स्वर यांतील भेद रागाच्या रूपाशी निगडित असतो. गुणकलीत गांधार व निषाद वर्ज्य असून ऋषभ-धैवत कोमल असतात. एवढ्या थोड्या स्वरांतून रागाचे वातावरण उभे करताना प्रत्येक स्वराचा लगाव मोलाचा ठरतो. मेन्यूइन यांच्यासाठी व्हायोलिनचा भाग मुख्यतः लिहून दिला जाई आणि रविशंकर यांच्याबरोबर तालीम करून ते तो आत्मसात करीत. म्हणून येथील संवाद हा जुगलबंदीतील सवालजवाबासारखा मोकळा नाही. रचनेची चौकट पूर्वनियोजित असून मुक्त विस्ताराचा भार मुख्यतः सितार व तबला यांवर आहे. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर मावणाऱ्या वीस-पंचवीस मिनिटांत तीन रचना बसविल्याने आलापाचा विस्तारही आटोपता राहिला.

प्रतिसाद व मूल्यमापन : पहिल्या ध्वनिमुद्रिकेस १९६७ सालचे उत्कृष्ट कक्षसंगीतवादनाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. १० डिसेंबर १९६७ रोजी मानवी हक्क दिनानिमित्त न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमात दोघांनी पिलू राग सादर केला. दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेतही पिलूचे सहवादन आहे. तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत फ्रेंच बासरीवादक झां-प्येर रांपाल यांचाही सहभाग आहे.

या प्रयोगावर दोन आक्षेप संभवतात. पाश्चात्त्य वादकाने लिहून घेतलेले स्वर वाजविले, तर ते रागसंगीत कसे, हा एक. आणि रागाचे असे संक्षिप्त रूप श्रोत्यांपुढे ठेवल्याने त्याच्या विस्ताराविषयी गैरसमज होईल, हा दुसरा. दोन्हींत तथ्य आहे. तथापि दोन्ही पद्धतींचे मिश्रण करून तिसरीच शैली निर्माण केल्याचा आभास येथे नाही. भारतीय रचनांत पाश्चात्त्य स्वरसंवादाची जोड दिलेली नाही, षड्जाचा आधार तंबोऱ्याकडेच राहतो आणि दोन्ही कलावंतांचे आपापले स्वतंत्र वादनही ध्वनिमुद्रिकेत जपलेले आहे. पन्नाशीच्या सुमारास, कीर्तीच्या शिखरावर असताना मेन्यूइन यांनी दुसऱ्या परंपरेत विद्यार्थ्याची भूमिका स्वीकारली, ही या सहकार्यातील लक्षणीय बाब होय. रविशंकर यांनी पुढे सितार व वाद्यवृंद यांसाठी कन्चेर्टो रचले. त्यांतील पहिला १९७१ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर सादर झाला, तर दुसऱ्याच्या वादनाचे संचालन मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनी केले. भारतीय रचना पाश्चात्त्य वादकांसाठी लिपिबद्ध करण्याचा जो अनुभव या कामी उपयोगी पडला, त्याची पूर्वतयारी या ध्वनिमुद्रिकांत दिसते.