मांडी मोडून उठता येत नाही, तेव्हा

दर वर्षी पौष वद्य पंचमीला तमिळनाडूतल्या तिरुवैयारूत, संगीतकार त्यागराजांच्या कावेरीकाठच्या समाधीपाशी शेकडो गायक-वादक जमिनीवर बसून त्यांच्या पंचरत्न कृती एकसुरात गातात. गाणं संपतं, माणसं उठतात. एखाद्याला मात्र कुणी हात दिल्याशिवाय उठता येत नाही. ‘वय झालं’ म्हणून आपण ते सोडून देतो. पण मांड्या-खांद्यांची ताकद काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गेली असेल, तर मायोसायटिसची, म्हणजे स्नायूदाहाची, शंका घ्यायला हवी. यात बऱ्याच रुग्णांचं शरीर स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. त्याबद्दलचे काही गैरसमज पाहू.

गैरसमज : या प्रतिपिंडांचं लक्ष्य फक्त स्नायू.
वस्तुस्थिती : ज्यांच्याविरुद्ध ती तयार होतात, ती प्रथिनं इतर पेशींतही असतात. ‘जो-१’ हे हिस्टिडिन या अमिनो आम्लाला त्याच्या वाहक आरएनएशी जोडणारं एन्झाइम आहे. ‘एमडीए-५’ विषाणूंचा आरएनए ओळखतं. ‘जो-१’विरोधी प्रतिपिंडं सापडली, तर फुप्फुसं आणि सांधेही तपासावे लागतात.

गैरसमज : सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल, म्हणजे धोका नाही.
वस्तुस्थिती : ‘एमडीए-५’विरोधी प्रतिपिंडं असताना स्नायू जवळजवळ ठीक आणि सीपीके नॉर्मल असू शकतं. पुरळ, बोटांवर जखमा, कोरडा खोकला, धाप दिसली तर थांबू नका. फुप्फुसांचा आजार काही आठवड्यांत जिवावर बेतू शकतो.

गैरसमज : एएनए (केंद्रकाविरोधी प्रतिपिंडांची तपासणी) निगेटिव्ह, म्हणजे विषय संपला.
वस्तुस्थिती : ‘जो-१’ आणि ‘एसआरपी’ ही प्रतिपिंडांची लक्ष्यं पेशीच्या केंद्रकाबाहेर असतात, त्यामुळे ही तपासणी फसू शकते. या प्रतिपिंडांसाठी मायोसायटिस पॅनेल ही तपासणी वेगळी करावी लागते. तीही निगेटिव्ह आली तरी आजार असू शकतो. आणि पॅनेलमधल्या नुसत्या फिकट पॉझिटिव्ह पट्टीवरून निदान होत नाही.

गैरसमज : ‘टिफ-१ गॅमा’विरोधी प्रतिपिंडं पॉझिटिव्ह, म्हणजे कॅन्सर झालाच.
वस्तुस्थिती : प्रौढांमध्ये कॅन्सरची शक्यता वाढते, म्हणून तो कसून शोधायचा. लहान मुलांमध्ये तसा संबंध आढळत नाही.

गैरसमज : कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली की स्नायू सुधारतील.
वस्तुस्थिती : कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनने होणारी साधी स्नायूदुखी गोळी थांबवल्यावर बहुधा जाते. पण स्टॅटिन ज्या एन्झाइमला रोखतं, त्या ‘एचएमजीसीआर’विरुद्धच प्रतिपिंडं तयार झाली असतील, तर गोळी बंद करूनही अशक्तपणा राहतो. मग प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं लागतात.

रिपोर्टमधलं प्रतिपिंडाचं नाव कुठे लक्ष ठेवायचं ते सांगतं. पहिली खूण मात्र बहुधा घरातच दिसते : मांडी मोडून उठताना, केस विंचरताना, जिना चढताना बळ अपुरं पडतं. ती दिसली की संधिवाततज्ज्ञांना गाठा. वेळेत उपचार मिळाले, तर गेलेली ताकद बरीच परत येऊ शकते.