घाम, गोळा आणि सोळाशे मीटर

चाकणजवळच्या निघोज्यात खोली करून राहणाऱ्या बऱ्याच पोरांच्या डोक्यात पोलीस भरती असते. बीड, लातूर, नांदेडकडून आलेली, चाकण एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागलेली ही मुलं शिफ्ट सांभाळून ग्राउंडची तयारी करतात. मेहनत भरपूर, पण सल्ला मिळतो तो रूममेटचा नाहीतर रीलवरचा.

“कंपनीत आठ तास उभा असतो, वेगळा व्यायाम कशाला?” हे तर भरती न करणारेही म्हणतात. लाइनवर एका जागी उभं राहून पोटऱ्या भरून येतात, कंबर धरते, पण दम वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. नुसतं उभं राहणं त्यात धरत नाहीत.

“सोळाशे रोज फुल मारायची, तरच टायमिंग येतं.” सगळ्यात जास्त पोरं इथेच फसतात. पोलीस शिपाई भरतीत मुलांच्या १६०० मीटरला २० गुण असतात आणि ते पुरे मिळवायला ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. म्हणजे ४०० मीटरचे चार राउंड, प्रत्येकी साधारण ७७ सेकंदांत. पोरगा पहिला राउंड जोशात ६५ला मारतो, दुसरा ७५ला, तिसऱ्याला ८५ लागतात आणि चौथ्यात पाय उचलत नाहीत, ९० होतात. बेरीज ५ मिनिटं १५ सेकंद, गुण गेले. रोज असंच जीव खाऊन पळून वेग वाढत नाही, नडगी मात्र दुखायला लागते. व्यायामाने स्नायूंवर ताण येतो, त्यांची दुरुस्ती होते ती विश्रांतीत आणि झोपेत. म्हणून जोराचे राउंड आठवड्यातून दोनदा, मध्ये दोन दिवसांचं अंतर ठेवून, आणि बाकीचे दिवस बोलता येईल इतक्या सावकाश. बीडच्याच आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे, ज्याच्या नावावर ३००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम आहे, तो सैन्यात गेल्यावर या खेळाकडे वळला. त्याच्यासारखे लांब पल्ल्याचे धावपटूसुद्धा सरावातलं बहुतेक अंतर संथच पळतात. नाईट करून सकाळी सातला आलेल्याने थेट रस्त्यावर पळायला जाणं तर शुद्ध वेडेपणा. आधी झोप, मग संध्याकाळी ग्राउंड.

“जॅकेट घालून पळ, चरबी वितळते.” वितळत काही नाही, पाणी जातं. दोन तांबे पाणी प्यायलं की वजनकाटा पुन्हा जागेवर येतो. घाम वाळतो तेव्हा अंग गार होतं. प्लॅस्टिकच्या जॅकेटात तो वाळतच नाही आणि आतलं तापमान चढत जातं. “पळताना पाणी प्यायचं नाही” हा त्याचाच भाऊबंद. जून २०१४ मध्ये मुंबईत भर उकाड्यात पोलीस भरतीची ५ किलोमीटरची धाव झाली आणि त्यात काही उमेदवारांचा जीव गेला. पुढे हे अंतर कमी केलं गेलं. पळणारा अडखळायला, असंबद्ध बोलायला लागला तर अंगाला घाम असला तरी उष्माघातच समजावा. सावलीत न्यावं, अंगावर भरपूर पाणी ओतावं आणि १०८ला फोन करावा.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्याला “लॅक्टिक अ‍ॅसिड साठलं” म्हणतात. ते तर पळून झाल्यावर तासा-दोन तासांत निघून जातं. दुखतात त्या स्नायूंच्या तंतूंना पडलेल्या बारीक चिरा, दोन-तीन दिवसांत भरतात. पाय मुरगळला की लगेच तेल लावून चोळायचं, हेही तसंच. चोळल्याने सूज वाढते. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ, क्रेप बँडेज, पाय उशीवर. चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढायचा.

मुलींना ८०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. पाळीत पळू नये याला वैद्यकीय आधार नाही, झेपेल तेवढं पळावं. खरी अडचण रक्ताची आहे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे. दम पुरत नसेल तर आधी हिमोग्लोबिन तपासावं, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

शेवटचा प्रकार गैरसमजाच्या पुढचा आहे. मेफेंटरमाइनचं इंजेक्शन “स्टॅमिन्याचं” म्हणून जिममध्ये फिरतं. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो वर आणायला डॉक्टर हे वापरतात. धडधाकट माणसाने घेतलं की ठोके आणि दाब दोन्ही उसळतात, सवयही लागते. पुणे-पिंपरी परिसरात त्याच्या बेकायदा विक्रीवर पोलिसांनी गुन्हे दाखल केलेत. ज्या पोलिसांत जायचं, त्यांच्याच कागदावर नाव लागायचं.

आणि पळताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडायला झालं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर पुढचा राउंड मारण्याआधी डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढून घ्यावा.